पुढची दहा लाख माणसे कुठे राहणार?

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे घेतली होतीच. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकले. राज्यातली सर्वांत मोठी महापालिका म्हणून कौतुकही झाले. नव्या गावांच्या यादीत सिंहगड रस्त्याच्या बाजूची नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही नावे होती. पुण्याला पाणी पाजणारे धरण यांच्या शेजारी, तरी गत मात्र धरण उशाला आणि कोरड घशाला अशी.

साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, याच पट्ट्यात ‘जीबीएस’ म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. या आजारात हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. मग नांदेड गावातल्या एका विहिरीची चर्चा सुरू झाली. धरणातले पाणी या विहिरीत यायचे, त्यात क्लोरिन पडायचे आणि तेच आसपासच्या गावांना जायचे. मध्ये जलशुद्धीकरण केंद्र नव्हते. गावे शहरात आली होती, दहा-बारा मजली सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. शुद्ध पाणी तेवढे यायचे राहिले होते.

यात चूक कोणाची, यावर भरपूर बोलून झाले. त्यामागचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख २७ हजार. त्यानंतर जनगणना झाली नाही, पण वाढ थांबलेली नाही हे सांगायला जनगणना लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेली मुले, आयटीतल्या नोकऱ्या, चाकण-रांजणगावचे कारखाने, बांधकामावरचे मजूर. पुढची दहा लाख माणसे येणार हे धरूनच चालावे लागेल. ती शहराच्या कडेने पसरतील, मेट्रोलगतच्या उंच इमारतींत राहतील की वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या एखाद्या नव्या नगरात? माणसे तेवढीच, पण नदी, टेकड्या, हवा आणि शेती यांच्यावरचा भार मात्र या उत्तरानुसार कितीतरी बदलतो.

एकाच मापाने मोजलेली चार चित्रे

असा प्रश्न एका शहराने खरोखरच लोकांपुढे ठेवला होता. अमेरिकेतल्या युटा राज्यातले सॉल्ट लेक सिटी एका बाजूला वॉसॅच पर्वतरांग आणि दुसऱ्या बाजूला खारे सरोवर यांच्या चिमट्यात आहे. पाऊस कमी, पाणी बेताचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढल्या वीस वर्षांत या पट्ट्यात आणखी दहा लाख माणसे येतील असा अंदाज निघाला. तेव्हा ‘एन्व्हिजन युटा’ या उपक्रमाने वाढीची चार चित्रे तयार केली. लोकसंख्या चारही चित्रांत सारखीच ठेवली. ‘अ’ चित्रात सगळीकडे मोठ्या अंगणांची सुटी घरे. ‘ब’ म्हणजे चालले आहे तसे चालू दिले तर. ‘क’ मध्ये चालत फिरता येतील अशा वस्त्या आणि रेल्वे-बसच्या कडेने घरे. ‘ड’ मध्ये त्याहून दाट.

मग चारही चित्रांना एकच माप लावले. नवी जमीन किती जाईल? ‘अ’ मध्ये सुमारे १,०६० चौरस किलोमीटर, ‘ब’ मध्ये ८४०, ‘क’ मध्ये सव्वातीनशे आणि ‘ड’ मध्ये सव्वादोनशेच्या आत. पाणी, गाड्यांचा धूर आणि रस्ते-नळ-गटारांचा खर्चही असाच शेजारीशेजारी मांडला. १९९९ मध्ये वर्तमानपत्रांतून प्रश्नावली घरोघरी गेली. मोटारीवाचून पान न हलणाऱ्या त्या भागातही लोकांचा सर्वाधिक कौल ‘क’ कडे गेला. या हिशोबात एक गोष्ट अनपेक्षित होती. सर्वांत दाट ‘ड’ मध्ये जमीन सर्वांत कमी जात होती, पण पायाभूत सुविधांचा खर्च ‘क’ चाच थोडा कमी निघाला. जितके दाट तितके चांगले, असे सरळ समीकरण बसले नाही.

दाटीचा फरक किती मोठा असतो, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण बार्सिलोना आणि अटलांटाचे आहे. पहिल्या शहराने १९९२ चे ऑलिम्पिक भरवले, दुसऱ्याने १९९६ चे. १९९० च्या सुमारास दोन्हींची लोकसंख्या पंचवीस ते अठ्ठावीस लाखांच्या दरम्यान होती. नगररचनाकार अलँ बर्तो यांनी दोन्ही शहरांचे बांधकामाखालचे क्षेत्र मोजले. बार्सिलोना १६२ चौरस किलोमीटरमध्ये बसले होते, अटलांटाला ४,२८० लागले होते. बार्सिलोनात ६० टक्के लोक मेट्रो स्थानकापासून सहाशे मीटरच्या आत राहत होते. अटलांटात आठशे मीटरचे अंतर धरूनही हे प्रमाण ४ टक्क्यांवरच अडले. इतक्या विरळ शहरात मेट्रो कितीही वाढवली तरी ती लोकांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. घरे कुठे बांधली यावरून पुढल्या पन्नास वर्षांचे पेट्रोल ठरून जाते.

हाच हिशोब पुण्याला लावून पाहता येतो. २०११ मध्ये पुण्याच्या तेव्हाच्या हद्दीत दर चौरस किलोमीटरला ढोबळमानाने साडेबारा हजार माणसे होती. त्या दाटीने दहा लाख लोक राहिले तर सुमारे ८० चौरस किलोमीटर जागा लागेल. कडेच्या गावांत आज इथे एक प्रकल्प, मग अर्धा किलोमीटर माळरान, मग दुसरा प्रकल्प, अशी विखुरलेली वाढ दिसते. त्यामुळे दाटी चार हजारांवर आली, तर हीच जागा २५० चौरस किलोमीटर होते. मधला १७० चौरस किलोमीटरचा फरक म्हणजे हवेली, मुळशी, खेडमधली शेते, गायराने, ओढे आणि डोंगरउतार.

पर्याय पहिला: कडेकडेने पसरत जाणे

हा पर्याय कोणी निवडत नाही, तो आपोआप घडतो. कडेची जमीन स्वस्त, म्हणून घर स्वस्त; नोकरदार कुटुंबाला परवडते ते तिथेच. त्यामुळे पसरण्याला नुसती नावे ठेवून चालत नाही. त्याची किंमत मात्र घराच्या करारात दिसत नाही.

ही किंमत कशी असते, ते तीनशे फ्लॅटच्या एका सोसायटीचा हिशोब केला की कळते. घरात चार माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर रोज एक लाख ६२ हजार लिटर पाणी लागते. पालिकेची वाहिनी पोहोचली नसेल तर दहा हजार लिटरचे सोळा टँकर. पहाटे पाचपासून गेटवर रांग लागते, वॉचमन वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितो, चालक जाड पाइप टाकीत सोडतो आणि पुढचा टँकर हॉर्न देत मागे थांबलेला असतो. हे पाणी बहुतेकदा जवळपासच्या एखाद्या विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेले असते. बांधकामाला परवानगी देताना, पालिकेचे पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू असे हमीपत्र बिल्डरकडून घेतले जाते. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात गेली की त्या हमीपत्राचा भार मेंटेनन्सच्या बिलात येतो. वाघोली, उंड्री, बावधनच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको.

दहा लाख माणसांना नळाशी वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागेल. ती कुठेही राहिली तरी हा आकडा फारसा बदलत नाही. बदलते ती गळती. पुण्याच्या जुन्या वाहिन्यांतून चाळीस टक्क्यांच्या घरात पाणी वाया जाते असे महापालिकाच सांगत आली आहे. तेवढी गळती धरली तर पावणेदोन टीएमसीसाठी धरणातून जवळजवळ तीन टीएमसी सोडावे लागते. वाहिनी जितकी लांब, तितके सांधे जास्त आणि गळायला जागाही जास्त. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी साठा २९ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातच नवा मुठा उजवा कालवा दौंड-इंदापूरच्या उसाला आणि पिण्याला पाणी नेतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहर विरुद्ध शेती हा वाद दरवर्षी रंगतो, तो यामुळे.

पसरण्याची दुसरी किंमत टेकड्या चुकवतात. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या आराखड्यात टेकड्यांची ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे ‘बीडीपी’ साठी, राखून ठेवण्यात आली. थोडे तरी बांधकाम करू द्या, या मागणीवर दहा-बारा वर्षे रण माजले. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम ठेवले आणि जमीनमालकांना मोबदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. हिरव्या टेकड्या डोळ्यांना बऱ्या वाटतात म्हणून हा खटाटोप नव्हता. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ, डोंगर फोडून सपाट केलेल्या जागेवरून पावसाचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. डोंगरउतार पाणी अडवतो, मुरवतो आणि सावकाश खाली सोडतो. तो फोडला की तेच पाणी एका दमात खाली येते.

ते खाली कुठे येते, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दिसले. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, सहकारनगर, पर्वती पायथा, दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. त्या रात्री काही तासांच्या पावसात ओढा काठ सोडून वस्त्यांत शिरला. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, वीसहून अधिक माणसे दगावली. कात्रज-कोंढव्याच्या वरच्या अंगाला झालेले काँक्रीट आणि खालच्या अंगाला आवळलेले पात्र यांचा मेळ दांडेकर पुलापाशी बसला. डोंगरावर घर घेणारा आणि ओढ्याकाठी बुडणारा एकमेकांना ओळखतही नव्हते.

पर्याय दुसरा: मेट्रोच्या कडेने उंच

मग शहर आतच दाट करावे, हा दुसरा मार्ग. पुण्यात मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये धावू लागले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी भुयारातून स्वारगेटला पोहोचली. स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटरच्या परिघात जादा शुल्क भरून चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, वापरता येईल, असे धोरण राज्याने आणले. चालत स्थानक गाठणारा माणूस गाडी काढणार नाही, कडेची शेते वाचतील, पाण्याची वाहिनी आधीच टाकलेली आहे, असा त्यामागचा हिशोब आहे. बार्सिलोनाचे उदाहरण पाहता तो चुकीचा म्हणता येत नाही.

अडचण तपशिलात आहे. एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र वाढले म्हणून माणसे वाढतातच असे नाही. कर्वे रस्त्यालगतची चार मजली सोसायटी पाडून तिथे बारा मजले उभे राहिले, पण पाचशे चौरस फुटांच्या जागी दीड हजार फुटांचे फ्लॅट झाले, तर राहणारी माणसे जवळपास तेवढीच राहतात. वाढतात त्या गाड्या, कारण प्रत्येक फ्लॅटला दोन पार्किंग मिळालेली असतात. मेट्रोशेजारी राहून रोज गाडी काढणारे कुटुंब हा या धोरणाचा सर्वांत महाग पराभव ठरेल. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, अभियंते शिरीष पटेल, घरातली दाटी आणि रस्त्यावरची दाटी वेगवेगळी मोजा असे आयुष्यभर सांगत राहिले. एफएसआयचा एकच आकडा दोन्ही गोष्टी झाकून टाकतो.

उंचीचाही स्वतंत्र हिशोब आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या कार्यालयीन इमारतींची वीज तपासली. वीस किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतींत दर चौरस मीटरला लागणारी वीज, सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींच्या जवळपास अडीचपट होती. आपल्याकडची घरे म्हणजे तिकडची कार्यालये नव्हेत. तरी लिफ्ट, वर पाणी चढवणारे पंप आणि उन्हात तापणाऱ्या काचा इथेही आहेतच. शिवाय उंच इमारतीला दर चौरस फुटाला पोलाद आणि सिमेंट जास्त लागते. त्यासाठीची खडी वाघोली-मोशीच्या खाणींतून येते आणि तिथली धूळ तिथल्याच लोकांच्या छातीत जाते.

पॅरिससारख्या शहरांच्या अभ्यासातून एक वेगळी वाट दिसली आहे. पाच-सहा मजल्यांच्या इमारती, एकमेकींना लागून, मध्ये चौक. माणसे भरपूर, उंची बेताची. इमारतींचे पूर्ण आयुष्य धरले तर अशा रचनेत दरडोई कार्बन उत्सर्जन उंच मनोऱ्यांपेक्षा कमी येते. पुण्याच्या पेठा याच जातकुळीच्या. सदाशिव किंवा कसबा पेठेत भाजी, शाळा, दवाखाना, बँक आणि बसथांबा पायी दहा मिनिटांत गाठता येतो. तिथे खोळंबा होतो तो मुख्यतः बाहेरून येणाऱ्या गाड्यांमुळे.

दाटीला बसची जोड नसेल तर ती नुसती कोंडी होते. भारतातला पहिला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव, मार्ग पुण्यानेच २००६ मध्ये सातारा रस्ता आणि हडपसरवर सुरू केला. पण बस कमी, शिस्त त्याहून कमी. मग मार्ग अडचणीचा वाटू लागला आणि पुढे काही रस्त्यांवरून तो उखडलाही गेला. दरम्यान २०१८ मध्येच शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी झळकली होती.

पर्याय तिसरा: लांब, नवे नगर

तिसऱ्या पर्यायाचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग महाराष्ट्रानेच केला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ३४४ चौरस किलोमीटरची आखणी सुरू झाली. भरतीचे आणि पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव त्या आखणीत आधीपासून होते. पुढे महापालिकेने मोरबे धरण स्वतःचे केले. पाण्याच्या बाबतीत नवी मुंबई आजही शेजारच्या शहरांपेक्षा निर्धास्त असते.

वाहतुकीचे गणित मात्र फसले. मंत्रालय पलीकडे नेण्याची मूळ कल्पना बाजूला पडली आणि नरिमन पॉइंटवर भराव घालणे चालूच राहिले. वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये, सिडको स्थापन झाल्यानंतर २२ वर्षांनी. तोवर तिथे राहायला गेलेला माणूस रोज खाडी ओलांडून कामाला येत राहिला. घरे पुढे गेली, नोकऱ्या मागे राहिल्या.

पुण्याच्या पश्चिमेला याची उलटी आवृत्ती आहे. हिंजवडीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आयटी पार्क वाढत गेला. नोकऱ्या आल्या, पण कारभार ग्रामपंचायतीकडे आणि एमआयडीसीकडे राहिला. तिथून शिवाजीनगरला येणाऱ्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. मधल्या दोन दशकांत लाखो लोकांच्या सवयी गाडीभोवती घट्ट झाल्या.

लवासाची गोष्ट आणखी वेगळी. मोसे खोऱ्यात, वरसगावच्या जलाशयाकाठी डोंगरउतारावर शहर बांधायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या खोऱ्यातून पुण्याचे पाणी येते तिथे डोंगर कापून झाले, आणि पुण्याच्या घरटंचाईला मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

याच्या उलट हडपसरच्या मगरपट्ट्यात चारशेहून अधिक एकर जमीन सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी एकत्र केली, विकून न टाकता कंपनीत भागीदारी घेतली आणि कार्यालये, घरे, शाळा, रुग्णालय एकाच आवारात उभे केले. कामाला पायी जाता येते. पण हे जमले ते शहराला लागून, सोलापूर रस्त्यावर. नवे नगर यशस्वी व्हायला ते जुन्या नगराच्या हाकेच्या अंतरावर असावे लागले, यातच या पर्यायाची मर्यादा दिसते.

कोपनहेगनने १९४७ मध्ये मधला मार्ग काढला. त्यांच्या ‘फिंगर प्लॅन’मध्ये जुने शहर हा तळहात, उपनगरी रेल्वेचे मार्ग ही बोटे, आणि बोटांमधल्या फटींत शेती आणि जंगल. पुण्याला फटी शोधाव्या लागत नाहीत. वेताळ टेकडी, सिंहगड-कात्रजची रांग आणि मुळा-मुठेचे पूरपात्र त्यासाठी तयारच आहेत. बोटेही आहेत. एक लोहमार्ग तळेगावमार्गे लोणावळ्याला जातो, दुसरा उरुळी कांचनमार्गे दौंडला. या रुळांवर दर पंधरा मिनिटांनी लोकल सोडली आणि स्थानकाभोवती पाच-सहा मजली वस्त्या वसवल्या तर किती माणसे मावतील, हेही एक चित्र होऊ शकते. पुण्यातली चर्चा मात्र सुमारे १७० किलोमीटरच्या वर्तुळाकार रिंगरोडभोवतीच फिरते. रिंगरोड अवजड वाहने शहराबाहेरून नेईल हे खरे. पण त्याच्या प्रत्येक चौकात नवी वसाहत उगवली तर विखुरलेल्या वाढीला ते निमंत्रणच ठरेल.

कायद्यातली फट

सॉल्ट लेकसारखी तुलना इथे का होत नाही? कारण तशी सक्ती करणारा कायदाच नाही. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्यामुळे एकेका प्रकल्पाची फाइल तयार होते. त्यात झाडे किती, सांडपाणी किती, सौर दिवे किती, सगळे असते. पण असे दोनशे प्रकल्प एकाच ओढ्याच्या खोऱ्यात येणार असतील तर त्या ओढ्याचे काय, याची फाइल कुठेच नसते. शहराची दिशा ठरते विकास आराखड्यात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आराखड्याच्या पर्यायांची पर्यावरणीय तुलना करण्याची अट नाही. युरोपीय संघाने २००१ मध्येच असे मूल्यमापन सदस्य देशांना बंधनकारक केले. आपल्या महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढतात. त्यात नदी किती घाण झाली ते कळते. कोणत्या निर्णयाने ती कमी घाण झाली असती, ते कळत नाही.

त्यात कारभार वाटलेला. २०२१ मध्ये गावे महापालिकेत आली, पण २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेले. परवानगी एकाने द्यायची, पाणी दुसऱ्याने द्यायचे आणि ते कोणत्या धरणातून, ते जलसंपदा खात्याने ठरवायचे. नांदेडच्या विहिरीची गोष्ट याच फटीतून घडली.

लोक बोलत नाहीत असेही नाही. जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला तेव्हा ८७ हजारांच्या घरात हरकती-सूचना आल्या. पण बहुतेक हरकती आपल्या प्लॉटवरून जाणारा रस्ता, आपल्या वाड्यावर पडलेले आरक्षण, अशा. तयार नकाशा समोर ठेवला की माणूस त्यात आधी स्वतःचे घर शोधतो. चार नकाशे आणि प्रत्येकाखाली जमीन, पाणी, सांडपाणी, प्रवासाचे अंतर आणि घराची किंमत असे पाच आकडे दिले, तर वेगळ्या हरकती येतील. हे आकडे काढणे अवघड नाही. उपग्रह चित्रे आहेत, पूररेषांचे नकाशे आहेत, पाणीपुरवठ्याच्या नोंदी आहेत.

तुलनेच्या नकाशाची हद्द कुठवर असावी, हाही प्रश्न सोडून चालणार नाही. दहा लाख माणसांच्या पाण्यातून रोज सुमारे अकरा कोटी लिटर सांडपाणी तयार होईल. जपानच्या अर्थसाह्याने मंजूर झालेल्या नदी सुधार प्रकल्पात ११ नवी केंद्रे मिळून ३९.६ कोटी लिटरची क्षमता धरली आहे. समाविष्ट गावांचा हिशोब त्याबाहेर वेगळा करावा लागतो आहे. शुद्ध न होता सुटलेले पाणी जलपर्णीसह मुळा-मुठेतून वाहते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि उजनीत साठते. ते सोलापूर पिते आणि त्यावर इंदापूर, करमाळा, माढ्याची शेती होते. पुण्याच्या वाढीचे तीन पर्याय मोजताना उजनीच्या पाण्याचा रकाना नसेल, तर हिशोब अर्धाच राहील.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. कायद्यात ही मुभा ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. ती व्यक्ती पुण्यात राहणारी किंवा पुण्यात मालमत्ता असलेली हवी, अशी अट नाही. दौंडचा बागायतदार, करमाळ्याचा मच्छीमार किंवा सोलापूरची गृहिणीही लेखी हरकत देऊन विचारू शकते: तुम्ही निवडलेल्या पर्यायात उजनीकडे रोज किती सांडपाणी येणार, आणि जो पर्याय तुम्ही सोडलात त्यात किती आले असते?